चाळिशीनंतरची कोरडी, नाजूक त्वचा : निगा आणि सावधगिरी

वडोदरा शहराच्या जुन्या भागात, मांडवीच्या परिसरात, घडियाळी पोळ ही वस्ती आहे. गुजरातमध्ये ‘पोळ’ म्हणजे अरुंद गल्लीच्या दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांची वसाहत. गायकवाडांच्या राजवटीपासून महाराष्ट्रातून गेलेली अनेक कुटुंबे वडोदऱ्यात स्थायिक झाली आणि तेथील लोकजीवनाशी एकरूप होऊनही त्यांनी आपली भाषा, सणवार व घरगुती रीतिरिवाज जतन केले. अशा वस्तीत घरे जवळ, तशी माणसेही जवळ. एका घरातील औषध दुसऱ्या घरात पोहोचण्यास वेळ लागत नाही. दुपारच्या निवांत वेळी ओट्यावर निघालेला ‘गुणकारी’ उपाय संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला ठाऊक होतो. या आपुलकीचे मोल मोठे आहे. परंतु त्वचेच्या बाबतीत, आणि विशेषतः पाळी जाण्याच्या काळातील स्त्रियांच्या बाबतीत, हीच आपुलकी कधीकधी अपायकारक ठरते. हे केवळ वडोदऱ्यापुरते मर्यादित नाही; पुण्याचा वाडा, मुंबईची चाळ वा नागपूरचा मोहल्ला येथेही स्थिती वेगळी नाही.

वयाची चाळिशी उलटल्यावर अनेक स्त्रियांना चेहरा ओढल्यासारखा वाटू लागतो. स्नानानंतर गालांची कातडी ताणते, नाकाच्या कडेला व ओठांच्या बाजूला कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, वर्षानुवर्षे वापरलेला साबण अचानक झोंबू लागतो. आपणच स्वतःकडे दुर्लक्ष केले, असा समज करून घेऊन त्या मनोमन खंतावतात. काहींना वाटते की, चेहऱ्याचे तेज गेले, आता काहीतरी ‘जोरदार’ लावले पाहिजे. या दोन्ही समजुतींना शास्त्राचा आधार नाही. हा कोरडेपणा स्त्रीच्या हलगर्जीपणाचे फळ नसून शरीरातील एका स्वाभाविक स्थित्यंतराचे लक्षण आहे. त्यावरील उपाय साधे व अल्पखर्चाचे आहेत. या वयातील त्वचेला अधिक वस्तूंची नव्हे, तर कमी आणि योग्य वस्तूंची गरज असते, हे एकदा ध्यानी आले म्हणजे पुढील मार्ग सोपा होतो.

त्वचेत काय घडते?

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरीने ४६-४७ च्या सुमारास येते. तथापि, शरीरातील बदलांना त्यापूर्वी काही वर्षे प्रारंभ झालेला असतो. पाळी मागेपुढे होणे, रक्तस्राव कमीअधिक होणे, अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, ही या संक्रमणकाळाची परिचित लक्षणे होत. त्वचेचा कोरडेपणा याच मालिकेतील असला, तरी पाळीशी त्याचा संबंध असेल अशी शंकाही अनेकींना येत नाही.

या काळात अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण प्रथम अनियमित होते व पुढे घटत जाते. त्वचेचा ओलावा, जाडी व लवचिकता राखण्यात या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. ते घटले म्हणजे तेलग्रंथींचा स्राव मंदावतो आणि त्वचेची पाणी धरून ठेवण्याची शक्ती क्षीण होते. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिनही कमी होते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी व त्यानंतर दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी घटते, असे संशोधकांचे निष्कर्ष आहेत.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. मृत पेशी या विटा, तर सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे मिश्रण हा त्यांना सांधणारा चुना. हा चुना विरळ झाला की भिंतीला फटी पडतात. आतील पाणी हवेत उडून जाते आणि बाहेरील साबण, सुगंधी द्रव्ये, धूळ यांना आत शिरण्यास वाट मिळते. कोरडेपणा आणि नाजूकपणा ही दोन दुखणी बहुधा जोडीने का येतात, याचे उत्तर या फटींत आहे. म्हणूनच चेहऱ्याची निगा राखणे याचा खरा अर्थ ही भिंत शाबूत ठेवणे असा होतो.

हवा, पाणी आणि ऊन

वडोदऱ्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो, तर हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे वारे वाहतात. खानदेश, मराठवाडा व विदर्भ येथील रहिवाशांनाही असे हवामान अपरिचित नाही. कोरडी हवा त्वचेतील पाणी शोषून घेते. अंगातून वाफा निघतात म्हणून रात्रभर चेहऱ्यावर पंख्याचा झोत घेतल्यास अथवा वातानुकूलित खोलीत झोपल्यास त्यात भर पडते. पंखा बंद करण्याचे कारण नाही. त्याचा झोत थेट तोंडावर येऊ न देणे पुरेसे आहे.

१४ जानेवारीचा उत्तरायणाचा दिवस वडोदऱ्यातील आबालवृद्ध गच्चीवर पतंग उडविण्यात घालवितात. हवेतील गारव्यामुळे उन्हाची तीव्रता जाणवत नाही. तथापि सूर्यकिरणांतील अतिनील किरण आपले कार्य करीतच असतात. थंड कोरडा वारा आणि दिवसभराचे ऊन या दोहोंचा मारा झालेल्या चेहऱ्यावर दुसऱ्या दिवशी लाली व आग दिसून आल्यास नवल नाही. उन्हाने त्वचेतील कोलॅजेन अधिक वेगाने झिजते आणि वांगाचे डाग गडद होतात. म्हणून उन्हापासून रक्षण ही केवळ तरुणींनी पाळावयाची गोष्ट आहे, असे समजू नये.

निगेचे तीन नियम

पहिला नियम धुण्याचा. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असून त्याचा सामू ५ च्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. असा साबण मळाबरोबर त्वचेतील स्निग्धताही धुऊन नेतो. यास्तव चेहऱ्याला साबणाऐवजी सौम्य, फारसा फेस न करणारे व सुगंधविरहित प्रक्षालक वापरावे, आणि तेही दिवसातून एकदा, रात्री. सकाळी साध्या पाण्याने चेहरा धुणे पुरे. पाणी कोमट असावे. बंबातील कढत पाण्याने अंग शेकण्याचे सुख मोठे असले, तरी ते पाणी तोंडावर घेऊ नये. चेहरा पंचाने वा टॉवेलने खसाखसा पुसू नये, टिपून घ्यावा.

दुसरा नियम ओलावा राखण्याचा. चेहरा टिपल्यानंतर तो किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. त्वचा पूर्ण सुकल्यावर लावलेल्या मलमाचा गुण कमी येतो. बाजारात या पदार्थांचे असंख्य प्रकार असले, तरी त्यांचे कार्य तीन प्रकारचे असते. ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक आम्ल यांसारखी द्रव्ये पाणी धरून ठेवतात. सिरॅमाइड व वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ पेशींमधील फटी बुजवितात. पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ वरून आच्छादन घालून पाणी उडू देत नाहीत. तिन्ही गुण असलेले सुगंधविरहित साधे मलम या वयाला उत्तम. युरिया मात्र चिरलेल्या त्वचेवर झोंबतो, हे लक्षात ठेवावे. रात्री झोपताना फार कोरड्या जागी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरविला तरी चालतो. १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेला हा पदार्थ दीडशे वर्षांनंतरही पाण्याचे बाष्पीभवन रोखण्याच्या कामी सर्वांत परिणामकारक पदार्थांत गणला जातो, आणि तो स्वस्तही आहे. किंमत व गुण यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

तिसरा नियम उन्हापासून रक्षणाचा. पदर, छत्री, रुंद काठाची टोपी यांना पर्याय नाही. त्यांच्या जोडीला एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन लावावे. झिंक ऑक्साइड वा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन नाजूक त्वचेला सहसा मानवते. चेहरा व मान यांसाठी तर्जनी व मधले बोट या दोन बोटांच्या लांबीइतके मलम लागते. बाहेर उन्हात असल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते.

घरगुती उपचारांचा तारतम्याने विचार

आपल्या घरांतून चालत आलेल्या उपचारांकडे तुच्छतेने पाहू नये. परंतु ते डोळे मिटून स्वीकारूही नयेत. थंडीत ओठांना तूप व अंगाला खोबरेल लावण्याच्या प्रथेमागे स्निग्धतेने त्वचा झाकण्याचे तत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. खोबरेल तेल कोरड्या त्वचेला उपयुक्त असल्याचे प्रयोगांतही दिसून आले आहे. मात्र ज्यांच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात त्यांनी ते चेहऱ्याला लावू नये. उलट मोहरीचे तेल व ऑलिव्ह तेल त्वचेच्या वरच्या थराला बाधक ठरू शकतात, असे अभ्यासांतून आढळले आहे. ग्लिसरीन व गुलाबपाणी यांचे मिश्रण जुन्या पिढीच्या विशेष आवडीचे. ग्लिसरीन निखळ लावल्यास ते कोरड्या हवेत त्वचेतीलच पाणी ओढून घेते. म्हणून ते पाण्यात पातळ करून लावावे व त्यावर एखादे स्निग्ध मलम लावावे. गुलाबपाण्याच्या सुगंधाने चुणचुण होत असेल तर ते वर्ज्य करावे.

दिवाळीतील अभ्यंगस्नानात तेल आधी आणि उटणे नंतर, हा क्रम शहाणपणाचा आहे. परंतु तेल गाळून केवळ उटणे, बेसन वा मुलतानी माती नित्य चेहऱ्यावर चोळणे या वयात अहितकारक ठरते. मुलतानी माती स्निग्धता शोषून घेते. ती तेलकट त्वचेसाठी ठीक, कोरडीसाठी नव्हे. लिंबाचा रस तर तीव्र आम्लधर्मी. तो चेहऱ्यावर चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असे समीकरण मांडता येत नाही.

आहाराच्या बाबतीतही तारतम्य हवे. केवळ भरपूर पाणी पिण्याने चेहऱ्याचा कोरडेपणा जात नाही. डाळी, कडधान्ये, दूध, तीळ, जवस, भाज्या व फळे यांचा समतोल आहार सर्व शरीराला हितकर असतो, म्हणून तो घ्यावा. ज्यांचा चेहरा वारंवार लाल होऊन तापतो, त्यांनी कोणत्या पदार्थानंतर तसे घडते याकडे लक्ष द्यावे. कढत चहा, तिखट पदार्थ, मद्य ही त्याची नेहमीची कारणे. वडोदऱ्याच्या झणझणीत सेव-उसळीचा मोह अनावर असला, तरी चेहऱ्याची आग होणाऱ्या भगिनीने तर्री थोडी कमी घेणेच बरे. तंबाखू व मिश्री यांचा त्याग करावा, हे वेगळे सांगावयास नको.

कुंकू, टिकली, रंग आणि सौंदर्यप्रसाधने

नाजूक झालेली त्वचा पूर्वी सोसलेल्या वस्तू आता सोसत नाही. पूर्वी स्त्रिया कपाळाला मेण लावून त्यावर हळदीपासून केलेले कुंकू रेखीत. आज बाजारातील अनेक कुंकवांत कृत्रिम रंग असतात व त्यांनी खाज, पुरळ वा काळसर डाग पडू शकतात. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातील विशिष्ट रासायनिक द्रव्यामुळे कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाची आहेत. टिकलीच्या जागी खाज सुटू लागल्यास वा रंग फिका दिसू लागल्यास ती तत्काळ बंद करावी. हळदीकुंकवाच्या समारंभात कोणा सखीला या कारणाने कुंकू नको असेल, तर तिला आग्रह न करणे हाच खरा मान होय.

केसांना कलप लावण्यास याच वयात प्रारंभ होतो. बहुतेक काळ्या कलपांत पीपीडी हे द्रव्य असते. त्याचे वावडे असल्यास कपाळ, कान, पापण्या येथे सूज व पुरळ उठते. झटपट काळी रंगणारी ‘काळी मेंदी’ही बहुधा याच द्रव्याने काळी झालेली असते. कलप अथवा कोणतेही नवे मलम वापरण्यापूर्वी त्याचा थोडा भाग कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी. ही सूचना वेष्टनावर छापलेली असते. ती पाळली मात्र क्वचितच जाते. लग्नसराईच्या तोंडावर ब्लीच व फेशियल करून घेण्याची घाई करू नये. नवरात्रीत गरब्यासाठी केलेला साजशृंगार कितीही उशीर झाला तरी झोपण्यापूर्वी हलक्या हाताने उतरवावा.

मोठा धोका : ‘गोरे करणारी’ मलमे

येथवर सांगितलेल्या चुकांनी त्वचेला त्रास होतो. पुढील चुकीने कायमची हानी होते. चेहरा निस्तेज दिसू लागला की शेजारीण, नातलग वा औषधाच्या दुकानातील माणूस एखादी नळी सुचवितो. तिने चार दिवसांत लाली जाते, खाज थांबते, रंग उजळल्यासारखा वाटतो. अशा नळ्यांत पुष्कळदा बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे स्टिरॉइड असते आणि काहींत त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइनही असते. ही उपयुक्त औषधे आहेत. परंतु ती तज्ज्ञाने ठरविलेल्या रोगासाठी व ठरविलेल्या मुदतीपुरतीच. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावल्यास त्वचा कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या व लव वाढते. नळी बंद करताच चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते आणि हे चक्र सुटत नाही. इस्ट्रोजेनअभावी आधीच पातळ होत असलेल्या त्वचेवर हा दुहेरी आघात ठरतो.

हा प्रश्न किती व्यापक आहे, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखवून दिले. देशातील १२ केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जणांनी चेहऱ्याला स्टिरॉइड मलम लावलेले होते, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचविले होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, यासाठी नियम कडक केले. परंतु नियमाची खरी अंमलबजावणी घराच्या उंबरठ्यावर, ग्राहकाच्या जागरूकतेनेच होते.

त्याहूनही भयंकर धोका पाऱ्याचा आहे. रंग उजळविणाऱ्या काही बेनावी मलमांत पारा आढळतो. तो त्वचेवाटे शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. २०२३ च्या प्रारंभी अकोला येथील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडविकाराचे मूळ अशाच एका मलमात असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीनंतर उघडकीस आले. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटक व मुदत छापलेली नाही, ती डबी कोणीही आणून दिली तरी घरात घेऊ नये. जी नळी आधीपासून लावली जात आहे, ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. स्टिरॉइड एकाएकी सोडल्याने होणारा दाह त्यांच्या देखरेखीखाली आवरता येतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

साध्या निगेने तीनचार आठवड्यांत उतार पडला नाही, खाजेने झोपमोड होऊ लागली, गाल व नाक सतत लाल राहून त्यावर पुरळ उठले, तर त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. कोरडेपणाबरोबर थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे ही लक्षणे असल्यास थायरॉइडची तपासणी करावी. गालांवरील लालीसोबत सांधे दुखत असल्यास, किंवा एखादा तीळ आकार वा रंग बदलीत असल्यास विलंब करू नये. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाल्यास तो कितीही अल्प असला, तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक आहे. संप्रेरक उपचारांनी त्वचेला काही लाभ होतो. परंतु केवळ त्वचेसाठी ते घेतले जात नाहीत. त्यांचे लाभ व धोके डॉक्टरांशी बोलूनच ठरवावेत. वडोदऱ्यात वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, तर महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये व जिल्हा रुग्णालये येथे असा सल्ला अल्प खर्चात मिळू शकतो.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद वडोदऱ्याच्या महाराणी चिमणाबाई यांनी भूषविले. स्त्रियांच्या प्रश्नांची चर्चा उघडपणे व्हावी, ही जाणीव त्या काळी रुजू लागली. पाळी जाण्याच्या काळातील शरीराविषयी मात्र अद्यापही कुजबुजत बोलले जाते, आणि या कुजबुजीतूनच निनावी नळ्यांना गिऱ्हाईक मिळते. ओट्यावरील गप्पांतून अपायकारक मलम जसे दहा घरांत पोहोचते, तसाच योग्य सल्लाही पोहोचू शकतो. सौम्य प्रक्षालन, ओलसर त्वचेवर साधे मलम, उन्हापासून रक्षण आणि चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या नळीला निर्धाराने नकार, एवढी चार सूत्रे एका भगिनीने दुसरीला सांगितली, तरी अनेक चेहरे अकारण होणाऱ्या हानीपासून वाचतील.